रात्री मुका होणारा ट्रान्समीटर

गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर बसवलेलं घरगुती हवामान केंद्र सहसा एका झटक्यात बंद पडत नाही. आधी पहाटेच्या नोंदी गायब व्हायला लागतात. सकाळी आठ-साडेआठला आकडे परत येतात, दिवसभर सगळं सुरळीत चालतं आणि रात्री कधीतरी घरातल्या कन्सोलवर पुन्हा नुसत्या रेघा. मालक बॅटरी बदलतो. दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. शेवटी ‘ट्रान्समीटर गेला’ असा निकाल लागतो आणि नव्या युनिटच्या किमतीची चौकशी सुरू होते. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. ट्रान्समीटर ठणठणीत असतो, त्याला वीज पुरवणाऱ्या साखळीतला शे-पन्नास रुपयांचा एखादा भाग गेलेला असतो. तो कोणता, हे स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधीच, नुसत्या नोंदींच्या वेळा पाहून बरंचसं कळतं.

पहाटेच्याच नोंदी जाणं विशेष त्रासाचं, कारण दिवसाचं किमान तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारास नोंदवलं जातं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला हे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो आकडा या वेळचा. द्राक्षबागायतदाराला डाऊनी रोगाचा अंदाज घ्यायचा तर रात्रभराची आर्द्रता लागते. थोडक्यात, ज्या तासांसाठी केंद्र विकत घेतलं, नेमके तेच तास हातचे जातात.

आता वीज पुरवणारी ही साखळी कशी आहे ते पाहू. ट्रान्समीटरच्या बाहेरच्या डब्यावर एक छोटं सोलर पॅनल असतं. त्याच्यामागे एक डायोड, त्यामागे सुपरकपॅसिटर, आणि या सगळ्यांना पर्याय म्हणून बॅटरी. दिवसा पॅनल ट्रान्समीटर चालवतं आणि उरलेल्या विजेवर सुपरकपॅसिटर भरून ठेवतं. रात्री कपॅसिटर ती वीज परत देतो. त्याचा दाब एका पातळीखाली गेला की मग बॅटरी पुढे येते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस कंपनीच्या ‘व्हँटेज प्रो-२’मध्ये ही बॅटरी म्हणजे कॅमेऱ्यात असायची तसली ३ व्होल्टची सीआर-१२३ लिथियम. इकोविट आणि तत्सम नावांनी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त केंद्रांत दोन पेन्सिल सेल असतात.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. डब्यावर पॅनल दिसलं की लोकांना वाटतं, ऊन आतले सेल चार्ज करतंय. या रचनेत तसं होत नाही. साधे अल्कलाइन सेल किंवा सीआर-१२३ चार्ज करण्यासाठी नसतातच, तसा प्रयत्न केला तर ते गळतात, लिथियम सेल तर धोकादायक ठरू शकतो. पॅनल भरतं ते फक्त कपॅसिटरला. आणि याच समजुतीतून कोणी चार्जेबल सेल घातले, तर दोन सेलचे मिळून ३ ऐवजी २.४ व्होल्टच मिळतात आणि पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी लो’ची खूण दिसायला लागते.

सुपरकपॅसिटरकडे पाण्याची टाकी म्हणून पाहिलं की हिशेब सोपा होतो. समजा कपॅसिटर १० फॅरडचा आहे आणि भरल्यापासून रिकामा समजेपर्यंत त्याचा दाब ०.९ व्होल्ट उतरू शकतो. म्हणजे टाकीत ९ कूलोम विद्युतभार मावतो. ट्रान्समीटरचा सरासरी खप ०.२ मिलिअँपिअर धरला, तर ९ भागिले ०.०००२ म्हणजे ४५,००० सेकंद, साडेबारा तास. पुण्यात डिसेंबरची रात्र साधारण तेरा तासांची. तेव्हा नवा कपॅसिटरही कडाक्याच्या थंडीत पहाटेचा शेवटचा तास-अर्धा तास बॅटरीवर टाकतो, आणि त्यात काही वावगं नाही. पण कपॅसिटर म्हातारा होऊन त्याची क्षमता निम्मी झाली, की साडेबाराचे सव्वासहा तास होतात. सहा वाजता सूर्य मावळला तर रात्री सव्वाबाराच्या सुमारास टाकी कोरडी. तिथून उजाडेपर्यंतचा सगळा भार बॅटरीवर, तोही रोज. दोन वर्षं पुरणारी बॅटरी काही महिन्यांत का संपते, याचं उत्तर इथे आहे. अशा वेळी बॅटरीच्या कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नसतो.

म्हणून पहिली तपासणी कन्सोलवर, किंवा नोंदी संगणकावर जात असतील तर तिथल्या आलेखावर. खंड केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो ते आठवडाभराचं पाहावं. मध्यरात्रीनंतर बंद आणि उन्हं आल्यावर चालू, असा रोजचा क्रम असेल तर कपॅसिटर दुबळा आणि बॅटरीही संपलेली, किंवा बॅटरीच्या पट्ट्यांवर गंज. खंड पडत नाही पण बॅटरी वारंवार संपते, तर एकटा कपॅसिटर. भर दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू, तर तापल्यावर उघडणारा एखादा सोल्डरचा सांधा शोधायला हवा. फक्त पाऊस पडताना बंद, तर डब्यात पाणी जातंय. दिवसा-रात्री केव्हाही पाच-दहा मिनिटांचे तुकडे गळतात, तर वीज ठीक आहे, रेडिओची वाट अडते आहे. आणि बाकी सगळं येतंय, फक्त वारा किंवा फक्त आर्द्रता येत नाही, तर ट्रान्समीटरला हातच लावू नये. तो बोलतोय म्हणून तर बाकीचे आकडे दिसतात. दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे.

एवढं झाल्यावर डबा खाली काढायचा. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा: कोणती वायर कोणत्या सॉकेटात, पवनदर्शकाचा दांडा कोणत्या दिशेला. पुन्हा बसवताना दिशा पंचेचाळीस अंशांनी चुकली तर पुढचं वर्षभर नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेचा म्हणून नोंदला जाईल. डबा उघडल्यावर आपल्याकडे हमखास सापडतात ते मुंग्या, पालीची अंडी आणि कुंभारीण माशीची मातीची घरटी. मऊ ब्रशने साफ करावं. टेलिफोनच्या असतात तशा पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत बहुतेक ‘बिघाड’ इथेच मिटतात. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा खरपुडा क्षारीय असतो. तो कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन काढावा, मग अल्कोहोलने पुसून कोरडा करावा. पट्टीवरचा मुलामा खाल्ला गेला असेल तर नवी पट्टी लावणंच बरं, कानशीने घासून चकचकीत केलेली पट्टी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजते.

पुढे पॅनल. इथे लोक मल्टिमीटर व्होल्टवर लावतात, आकडा बरा दिसतो आणि पॅनलला क्लीन चिट मिळते. नुसता व्होल्टेज पाहून काही कळत नाही. पिवळं पडलेलं, तडकलेलं पॅनलसुद्धा मोकळ्या टोकांना जवळजवळ पूर्ण दाब दाखवतं, कमी होतो तो प्रवाह. म्हणून पॅनलची एक वायर सोडवून, मीटर मिलिअँपिअरवर ठेवून, दुपारच्या उन्हात थेट पॅनलच्या दोन टोकांना लावावा. एवढ्याशा पॅनलच्या बाबतीत हे सुरक्षित आहे. दहा किंवा त्याहून जास्त मिलिअँपिअर मिळाले तर उत्तम. एक-दोनच मिळाले, तर एक गंमत लक्षात घ्या. ऑक्टोबरात तेवढेही पुरतात, कारण १ मिलिअँपिअर आठ तास म्हणजे जवळपास २९ कूलोम, आणि आपली टाकी तर ९चीच. पण आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग बसले की प्रकाश पंधरा-वीस टक्क्यांवर किंवा त्याहून खाली येतो आणि हेच पॅनल दिवसाचा खपसुद्धा भागवू शकत नाही. दोष वर्षभर असतो, दिसतो जुलैत.

पॅनलवरचं प्लास्टिक नुसतं धुरकट झालं असेल तर गाडीच्या हेडलाइटचं पॉलिश चालतं. आत पाणी शिरून पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर बदलावं. बदलताना जुन्याइतक्याच व्होल्टचं घ्यावं. ‘थोडं जास्त चालेल’ म्हणून मोठ्या दाबाचं पॅनल जोडलं आणि सर्किटमध्ये दाब रोखणारा भाग नसला, तर पहिल्या उन्हातच कपॅसिटर जातो. एकेकट्या सुपरकपॅसिटरची मर्यादा सहसा २.७ व्होल्ट असते, त्याच्या वर तो फार काळ टिकत नाही.

पॅनल आणि कपॅसिटर यांच्यामध्ये डायोड असतो. त्याचं काम एकच, रात्री कपॅसिटरमधली वीज उलटी पॅनलमध्ये वाहू न देणं. मीटरच्या डायोड-चाचणीत एका बाजूने ०.१५ ते ०.३ व्होल्ट आणि उलट लावल्यावर काहीच नाही, असं दिसलं तर तो चांगला आहे. दोन्हीकडून वाहत असेल तर कपॅसिटर कितीही नवा घाला, अंधार पडताच तो गळायला लागणार. डायोड जाणं फारसं घडत नाही, पण गेला असेल आणि तपासला नसेल तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून दोन मिनिटं द्यावीत.

आता मुख्य आरोपी. सुपरकपॅसिटरचा शत्रू उष्णता आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या बंद डब्यात काय होत असेल, याची कल्पना करा. युरोप-अमेरिकेसाठी बनलेलं यंत्र आपल्याकडे लवकर का थकतं, याचं हे साधं कारण.

तपासण्याआधी तो पूर्ण रिकामा करायचा. सेल काढले आणि पॅनल झाकलं, तरी कपॅसिटर तासन्‌तास सर्किट जिवंत ठेवतो. ‘बॅटरी काढून परत घातली, तरी रिसेट होत नाही’ अशी तक्रार असते तिचं मूळ हेच. दोन टोकं वायरीने थेट जोडू नयेत, त्या क्षणी वाहणारा प्रवाह मोठा असतो. १० ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर आठ-दहा मिनिटं लावून ठेवला की १० फॅरडचा कपॅसिटर रिकामा होतो.

मग क्षमतेची परीक्षा. कपॅसिटर सर्किटमधून काढून २.५ व्होल्टपर्यंत हळूहळू भरावा, त्याच्या टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर आणि मीटर लावावा आणि घड्याळ सुरू करावं. दाब सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ०.९२ व्होल्टवर यायला जितके सेकंद लागतील, त्याला १०० ने भागलं की फॅरड मिळाले. चांगल्या १० फॅरडला १,००० सेकंद, सोळा-सतरा मिनिटं लागतात. आठ मिनिटांतच आला, तर निम्मी क्षमता गेली. महागड्या यंत्राची गरज नाही, चहा पिऊन होईपर्यंत निकाल लागतो.

पण क्षमता चांगली असूनही कपॅसिटर निकामी असू शकतो, आणि दुरुस्त करणारे बहुधा इथे फसतात. टाकी भरलेली आहे, पण नळ चोंदला आहे, असा प्रकार. ट्रान्समीटरचा सरासरी खप नगण्य असला तरी संदेश पाठवण्याच्या क्षणी तो ३० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. व्हँटेज प्रो-२ दर अडीच सेकंदांनी पाठवतो, स्वस्त केंद्रांपैकी बरीच सोळा सेकंदांनी. कपॅसिटरचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढत ३० ओहम झाला असेल, तर त्या क्षणी ०.९ व्होल्ट त्याच्या आतच खर्च होतात. सर्किटला मिळणारा दाब २.६ वरून १.७ वर कोसळतो, प्रोसेसर दचकून रिसेट होतो, पुन्हा उठतो, पुन्हा पाठवायला जातो, पुन्हा कोसळतो. मीटरला मात्र छान २.६ दिसत राहतात, कारण मीटर इतक्या झटपट उतार-चढावांच्या मागे धावू शकत नाही. तपासायचं असेल तर भरलेल्या कपॅसिटरला १० ओहमचा रेझिस्टर लावून पहिल्या क्षणाला दाब किती पडतो ते पाहावं. चांगल्या कपॅसिटरमध्ये हा फरक डोळ्यांत भरणार नाही. २.५ चे एकदम १.९ झाले, तर आत ३ ओहमांहून जास्त रोध साचला आहे, आणि तो वाढतच जाणार.

नवा घेताना हेच ध्यानात ठेवायचं. बाजारात, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, बटणासारखे चपटे ५.५ व्होल्टचे सुपरकपॅसिटर स्वस्त मिळतात. ते घड्याळाची आठवण टिकवण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध नव्यातच तीस-चाळीस ओहम असू शकतो. जुना कपॅसिटर उभ्या नळकांड्याचा असेल तर तसाच घ्यावा, तितक्याच व्होल्टचा. मूल्य तेवढंच किंवा किंचित जास्त. ‘१०च्या जागी १०० फॅरड घालतो, आठवडाभर बघायला नको’ हा विचार कागदावर आकर्षक वाटतो. ढगाळ दिवशी खप भागवून १ मिलिअँपिअर उरत असेल, तर १० फॅरडची ९ कूलोमची टाकी अडीच तासांत भरते. १०० फॅरडला त्याच ढगांत पंचवीस तास हवेत, म्हणजे तीन दिवस. एकदा पूर्ण रिकामा झाला की तो दिवसचे दिवस सर्किटला चालू होण्याइतका दाबच गाठू देत नाही.

सोल्डर करणं त्यामानाने किरकोळ. बोर्डावर ओलाव्यापासून संरक्षण देणारा पारदर्शक लेप असतो, तो सांध्याभोवती अल्कोहोलने मऊ करून खरवडावा, नाहीतर टाका नीट बसत नाही. सुपरकपॅसिटरला दिशा असते: लांब पाय धन, अंगावरचा पट्टा ऋण. काम झाल्यावर तिथे पुन्हा लेप द्यावा, पण आर्द्रतेच्या सेन्सरवर थेंबही उडू देऊ नये. त्या सेन्सरला हवा लागली नाही तर तो मेल्यात जमा.

डबा सील करताना एक चूक फार महागात पडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. बंद डब्यात ते तांब्याला खातं आणि आर्द्रतेचा सेन्सरही बिघडवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉनच घ्यावं. आणि डब्याच्या तळाची बारीक भोकं बुजवू नयेत. ती पाणी आत येण्यासाठी नाहीत, आत जमलेला दमटपणा बाहेर जाण्यासाठी आहेत.

रेडिओची बाजू थोडक्यात. वीज ठीक असूनही संदेश येत नसेल तर आधी अँटेनाची तार पाहावी. ती लहरीच्या पाव लांबीची असते: ८६८ मेगाहर्ट्झला ८.६ सेंटिमीटर, ४३३ला १७.३. तुटलेल्या तारेच्या जागी हाताला येईल तेवढी तार लावली तर पल्ला घटतो, मोजून कापावी. ट्रान्समीटर खरंच बोलतोय का हे कन्सोलशिवाय पाहायचं असेल, तर संगणकाला लावायचा स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल आणि ‘आरटीएल-४३३’ हा मोफत प्रोग्राम पुरतो, बऱ्याच केंद्रांचे संदेश तो उलगडून दाखवतो. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने प्रेमाने आणलेलं केंद्र असेल तर मात्र थांबा. तिथली बरीच यंत्रं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइल सेवेचा आहे, परवान्याविना मोकळा पट्टा आहे तो ८६५ ते ८६८चा. असं केंद्र दुरुस्त करत बसू नये, इथल्या पट्ट्याचं घ्यावं.

बोर्डावरचा प्रोसेसर किंवा रेडिओची चिप गेली असेल, किंवा पूर्ण बोर्ड राळेत ओतलेला असेल, तर नाद सोडावा. बहुतेक कंपन्या बाहेरचं युनिट सुटं विकतात, कन्सोल तोच चालतो.

दुरुस्तीनंतर डबा लगेच वर चढवू नये. तो दोन दिवस उन्हात ठेवावा आणि दुसऱ्या रात्री सेल काढून, फक्त कपॅसिटरवर, किती वाजेपर्यंत चालतो ते नोंदवावं. ही वेळ आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावी. पुढच्या वर्षी मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी, हीच परीक्षा पुन्हा घेतली की कपॅसिटर किती थकला ते कळतं आणि ऐन पावसात शिडीवर चढावं लागत नाही.

आणि बंद काळातल्या पावसाचं काय, हा प्रश्न उरतो. बहुतेक ट्रान्समीटर प्रत्येक संदेशात पर्जन्यमापकाच्या टिचक्यांची चालू बेरीज पाठवतात. त्यामुळे नुसता रेडिओ तुटला असेल तर तो पाऊस नंतरच्या पहिल्याच संदेशात भरून निघतो. वीज तुटली असेल तर त्या काळातल्या टिचक्या मोजल्याच गेल्या नाहीत, तो पाऊस कायमचा गेला. अशा रात्रीच्या रकान्यात शून्य लिहू नका. ‘नोंद नाही’ असं लिहा.